कणसं सोलणाऱ्यांचा शेवटचा हंगाम



मघाशी बक्षीस घेताना तुमचा फुटबॉल कर्णधार हळूच म्हणाला, "आमच्या क्रीडाशिक्षकांचं हे शेवटचं वर्ष आहे, सर." त्याचा आवाज भरून आला होता. म्हणून लिहून आणलेलं भाषण मी खिशातच ठेवलंय. मी पाहिलेल्या अशाच एका शेवटच्या वर्षाबद्दल बोलतो.

१९९७ साली मी अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात शिकत होतो. गावाचं नाव लिंकन. सगळा मुलूख मक्याचा, आणि विद्यापीठाच्या संघाचं नावही कॉर्नहस्कर्स, म्हणजे कणसं सोलणारे. त्यांचा फुटबॉल वेगळा. चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढच्याकडे फेकायचा. वेड मात्र आपल्या क्रिकेटसारखंच. १९६२ पासून तिथलं मैदान प्रत्येक सामन्याला भरत आलेलं.

मुख्य प्रशिक्षक होते टॉम ऑसबॉर्न. १९७३ पासून तेच. शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला, शांत बोलणारा माणूस. शिष्यवृत्ती नसतानाही खेड्यापाड्यांतली पोरं त्यांच्याकडे शिकायला येत, आणि त्यांतली कितीतरी पुढे मुख्य संघातून खेळली.

त्या वर्षी संघाची चाल ज्याच्या हातून सुरू व्हायची, तो क्वार्टरबॅक होता स्कॉट फ्रॉस्ट. मुलगा नेब्रास्काचाच, पण आधी स्टॅनफर्डला शिकायला गेलेला. लोकांच्या मनात ते सलत होतं. सप्टेंबरात सेंट्रल फ्लोरिडाविरुद्ध खेळ अडखळला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. २२ वर्षांचं पोर! मी ओरडलो नाही, पण शेजारच्याला 'गप्प बस' असंही म्हणालो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या सामन्यात, वॉशिंग्टनविरुद्ध, ऑसबॉर्ननी पुन्हा त्यालाच उतरवलं. संघ २७-१४ असा जिंकला. मुलांनो, त्या हंगामातला सगळ्यात मोठा निर्णय मी यालाच मानतो.

८ नोव्हेंबरला मिसुरीविरुद्ध सात गुणांची पिछाडी, आणि हातात सात सेकंद. फ्रॉस्टने चेंडू फेकला. तो शेव्हिन विगिन्सच्या हातून निसटला, त्याच्याच पायाला लागून वर उडाला आणि जमिनीला टेकणार इतक्यात मॅट डेव्हिसनने झेप घेऊन पकडला. डेव्हिसन पहिल्या वर्षाचा मुलगा, टेकमसे नावाच्या लहानशा गावातला. जादा वेळेत सामना ४५-३८ असा जिंकला.

१० डिसेंबरला ऑसबॉर्ननी सांगितलं, आता एक सामना, मग मी थांबतो. हृदयाचं दुखणं होतं. शिवाय, आपल्यामागे फ्रँक सोलिच या सहकाऱ्याकडे सूत्रं द्यायची, असा शब्द त्यांनी दिला होता. यश पायाशी असताना त्यांनी तो पाळला.

शेवटचा सामना २ जानेवारी १९९८ला मायामीत झाला. टेनेसीला ४२-१७ असं हरवलं. तेरापैकी तेरा विजय! पण मिशिगनचा संघही अजिंक्य होता, आणि तेव्हा पहिला क्रमांक मतांवर ठरायचा. सामना संपताच एक खेळाडू कॅमेऱ्यासमोर आला आणि ऑसबॉर्न यांच्यासाठी मत द्या, असं सगळ्या प्रशिक्षकांना कळकळीने सांगू लागला. तो होता स्कॉट फ्रॉस्ट, ज्याची सप्टेंबरात हुर्यो उडाली होती तोच.

पत्रकारांनी मिशिगनला कौल दिला, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. पंचवीस वर्षांत २५५ विजय मिळवून ऑसबॉर्न बाजूला झाले.

तुमचे सर मे अखेरपर्यंत रोज सकाळी मैदानावर असणार आहेत. ज्यांचं त्यांच्याशी बोलायचं राहिलंय, त्यांनी उद्याच जा. संघात नसलात तरी जा.