मोगलीची दोन घरे
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी संमेलनातील भाषणाचा मजकूर)



निमंत्रणाचा फोन आला तेव्हा मला ‘बालपण आणि संस्कार’ हा विषय सुचविण्यात आला होता. मी थोडी सवलत मागून घेतली. संस्कारांविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा समोरच्या रांगेत बसलेल्या बाईंचा अधिक आहे. मी आज एका कार्टूनविषयी बोलणार आहे. विषय पोरकट वाटला तर क्षमा असावी. पण या शाळेने मला जे दिले, त्याचा हिशेब मांडायला बसले की त्या कार्टूनला वगळून तो जुळत नाही.

1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ सुरू झाले, तेव्हा मी चौथीत होते. कारखान्याच्या वसाहतीत आमच्या रांगेत दोनच दूरचित्रवाणी संच, आणि त्यांतला एक वीज कमी-जास्त झाली की रुसणारा. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांचे संगीत असलेले शीर्षकगीत सुरू झाले, की तोंडातला घास तसाच ठेवून आम्ही धावत सुटायचो. शेरखानाला आवाज होता नाना पाटेकरांचा. आमच्या घरी या गोष्टीचे विलक्षण अप्रूप होते. खलनायक का असेना, आपला माणूस आहे, असे वडील मोठ्या समाधानाने म्हणत.

या मालिकेची कुळकथा मला फार पुढे कळली. चित्रे जपानी होती. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने 1989 मध्ये ती मालिका तिकडे आणली होती. मूळ कथा इंग्रजीत, रुडयार्ड किपलिंग यांनी 1894 मध्ये प्रसिद्ध केलेली, आणि तीही त्यांनी अमेरिकेत व्हर्माँटच्या हिमात बसून लिहिलेली. आमच्या कानांवर पडत होती ती हिंदी. आणि कथेतले रान? ते मात्र आपल्या दाराशी! जबलपूरहून नागपूरला निघालो की सुमारे दीडशे किलोमीटरवर सिवनी लागते, तिथले ते रान. किपलिंग स्वतः कधी सिवनीला आले नव्हते. स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकावरून त्यांनी ते चितारले. त्यांच्या गोष्टीत वाहणारी वैनगंगा मात्र खरीच. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे भंडारा, गडचिरोलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात जाते. सुटीत आजोळी जाताना आम्हीही याच वाटेने जात असू.

आता सोमवारविषयी. आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी एके दिवशी पाहिले, की पहिल्या तासाला कोणाचेच लक्ष नाही आणि मागच्या बाकांवर मोगलीची चर्चा रंगली आहे. त्या रागावल्या नाहीत. “सांगा की मग सर्वांना, पण मराठीत,” एवढेच म्हणाल्या. आणि आमची वाचा बसली! कारण जे पाहिले होते ते सगळे हिंदीत. भेडिया म्हणजे लांडगा हे कोणीतरी सांगितले. भालूला अस्वल म्हणतात हे पाठ्यपुस्तकातून ठाऊक होते. तेंदुआ म्हणजे बिबट्या आणि चील म्हणजे घार, या दोन शब्दांपाशी अर्धा तास गेला. कपटी तबाकीचे काय करायचे? तो सियार. मी उठून ठासून सांगितले, की कोल्हा म्हणजे लोमडी, तेव्हा सियारासाठी दुसरा शब्द हवा. बाई म्हणाल्या, “नाही गं. सियार तोच कोल्हा. लोमडी म्हणजे खोकड.” त्या वर्षभर दर सोमवारी आम्ही रविवारची गोष्ट मराठीत सांगितली. अभ्यासक्रमात हे कुठेही नव्हते.

त्या वयात मी या गोष्टीकडे केवळ खेळ म्हणून पाहिले. त्यामागे काय घडत होते ते समजायला पुढची दहा वर्षे जावी लागली. खरे सांगायचे तर त्या काळात मी मराठीपासून पळत होते. वसाहतीतल्या मैत्रिणींसमोर आईने मराठीत हाक मारली, की मी मुद्दाम हिंदीत उत्तर देई. एकदा बाजारात तिने दोनदा विचारले आणि मी दोन्ही वेळा ऐकलेच नाही असे दाखविले. याउलट सुटीत पुण्याला गेले, की चुलतबहिणी माझ्या मराठीला हसत. ‘पाऊस येऊन राहिला आहे’ असे मी म्हटले आणि ते वाक्य त्या घरात पंधरा दिवस चेष्टेला पुरले. इकडे मी ‘मराठी’ आणि तिकडे ‘हिंदीवाली’. येथे बसलेल्या अनेकांना हा अनुभव नवा नसावा.

मोगलीचे दुःख नेमके हेच आहे. लहानपणी मालिकेत मला त्याची उडी दिसे, त्याचे बूमरँग दिसे. महाविद्यालयात मूळ पुस्तक हाती आले, तेव्हा वेगळेच काही दिसले. लांडग्यांचा कळप त्याला बाहेर काढतो, कारण तो माणूस आहे. आणि गाव त्याच्यावर दगड फेकते, कारण तो लांडगा आहे. कळप सोडताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागते, पण ते काय आहे हे त्याला ठाऊक नसते. आपण मरत आहोत की काय, असे तो बघीराला विचारतो. बघीरा त्याला समजावतो, की ही आसवे आहेत, माणसांना येतात तशी. मोठे होण्याचे इतके अचूक वर्णन मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. आपल्याला काय होते आहे याचे नाव ज्याच्यापाशी नसते, त्याला ते नाव सांगणारे कोणीतरी लागते.

 पुस्तकातला बघीरा उदयपूरच्या राजवाड्यात पिंजऱ्यात जन्मलेला आहे आणि त्याच्या हनुवटीखाली गळपट्ट्याने घासून झालेला एक टकला डाग आहे. दोन जगे पाहिलेला म्हणूनच तो मोगलीला ओळखतो.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो अस्वल बाळू. हा मोगलीचा गुरू. रानातल्या प्रत्येक जातीच्या भाषेत एक परवलीचे वाक्य असते. तुमचे-आमचे रक्त एक, अशा आशयाचे. बाळू ते पक्ष्यांच्या, सापांच्या, श्वापदांच्या बोलीत मोगलीकडून घोकून घेतो, चुकला तर पंजाही मारतो. एवढ्याशा पोराला एवढे कशाला, असे बघीरा विचारतो. बाळूचे म्हणणे असे, की अज्ञानाने त्याचा घात होण्यापेक्षा माया करणाऱ्याच्या हातचे वळ परवडले. पुढे माकडे मोगलीला पळवून झाडांच्या शेंड्यांवरून नेतात, तेव्हा वर घिरट्या घालणाऱ्या घारीला तो तिच्याच बोलीत साद घालतो, आणि त्या एका वाक्यामुळे त्याचा माग लागतो. आता छडीचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही, आमच्या बाईंनी कधी कोणाला चापटही मारली नाही. पण ‘चील म्हणजे घार’ हे ज्या चिकाटीने त्यांनी आमच्याकडून घोटून घेतले, ते आठवले की मला बाळूच दिसतो.

किपलिंगविषयी एक शब्द बोलणे आवश्यक आहे. साम्राज्याचा हा कवी. त्यांची पुष्कळ मते आज आपल्याला मान्य होणार नाहीत, आणि होऊही नयेत. पण त्यांचा जन्म 1865 साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. आपल्या आत्मकथनात ते सांगतात, की लहानपणी ते विचार करीत, स्वप्ने पाहत ती आयांच्या आणि नोकरांच्या देशी बोलीत. जेवणघरात आईवडिलांसमोर पाठविताना त्यांना बजावावे लागे, की आता इंग्रजीत बोला. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवण्यात आले, आणि ती वर्षे त्यांनी अत्यंत दुःखात काढली. कोणत्याच कळपाचा नसलेला मुलगा त्यांना कोठून सुचला असेल, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आणखी एक आठवण. दूरदर्शनवर वारंवार दाखविला जाणारा ‘एक अनेक और एकता’ हा छोटा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. जाळ्यासह उडून जाणाऱ्या पक्ष्यांचा. 1974 च्या या चित्रपटाच्या दिग्दर्शिका विजया मुळे, संगीत वसंत देसाईंचे, आणि छोट्या मुलीचा आवाज साधना सरगम यांचा. मुळेबाईंचे आयुष्य पाटणा आणि दिल्लीत गेले. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या एका मराठी स्त्रीने साऱ्या देशाच्या मुलांना एक, अनेक हे शब्द शिकविले. आम्ही मात्र तो चित्रपट वर्षानुवर्षे ‘त्यांचा’ समजून पाहिला.

आता जे सांगण्यासाठी मी मुख्यतः उभी आहे, ते सांगते. माझा मुलगा या शाळेत नाही. तो अकरा वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमात शिकतो, हिंदीत खेळतो, आणि जपानी डोरेमॉन हिंदीत पाहतो. त्या कार्टूनवर माझा राग नाही. प्रत्येक नवे यंत्र हाती आले की नोबिता अधिकच गोत्यात येतो, ही शिकवण काही वाईट नव्हे. पण घरी मराठी बोलण्याचा कंटाळा मी केला. वेळ नव्हता, असे मी स्वतःला सांगत आले. ज्या शाळेच्या स्मरणिकेत माझे भाषण छापले जाणार, त्या शाळेच्या पहिलीत आज किती मुले आहेत हे विचारण्याचे धैर्य मला काल झाले नाही.

गतवर्षी आई आजारी पडली. मेंदूला झटका आला. त्यातून ती सावरली, पण चाळीस वर्षे सफाईने बोललेली हिंदी तिच्या ओठांवर येईना. उरली ती मराठी. एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. आईने नातवाला सांगितले, “उशाशी तांब्या ठेव रे बाळा.” त्याने ऐकले, विचार केला, आणि आतल्या खोलीतून एक उशी आणून दिली. मी दारात उभी राहून पाहत होते. आई हसली. तिने ती उशी घेतली, त्याच्या डोक्यावरून हात फिरविला, आणि पाणी पुन्हा मागितलेच नाही.

त्या रात्री मला बाजारातल्या दोन हाका आठवल्या, ज्या मी ऐकल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला म्हटले, की डोरेमॉनची आजची गोष्ट आजीला सांग, पण मराठीत. तो वैतागला, अडखळला, तीन वाक्यांत उठून गेला. दुसऱ्या दिवशी पाच वाक्ये झाली. आईला डोरेमॉन कोण, याचा पत्ता आजही नाही. निळे मांजर आहे आणि त्याच्या पोटाला खिसा आहे, एवढे तिला पटले आहे. ती चुका सुधारते. तो चिडतो. हे आता वर्षभर चालले आहे. मध्यंतरी मी त्याला जुने ‘जंगल बुक’ दाखविले. चित्रे फार जुनाट आहेत, असा त्याचा अभिप्राय पडला, पण पाहिले.

येथे येण्यापूर्वी परवा संध्याकाळी तो आजीच्या खाटेपाशी बसून गोष्ट सांगत होता. मध्येच थांबून त्याने मला ओरडून विचारले, “आई, लोमडीला मराठीत काय म्हणतात?”

मी घाईत होते. “कोल्हा,” म्हणाले.

आतून आईचा आवाज आला, थोडा जड, पण स्पष्ट. “कोल्हा नव्हे गं. खोकड.”