पेटीला आठवण नसते

जबलपूरच्या रिछाई भागात औद्योगिक वसाहत आहे. अशा कोणत्याही वसाहतीत माल घेताना एक प्रश्न उभा राहतो: प्रत्येक नग तपासणे परवडत नसेल, तर दोनचार नगांवरून पेटीची पारख कितपत करावी?

समजा, पेटीत दहा बोल्ट आहेत व त्यांतले दोन सदोष आहेत. तपासनिसाने न पाहता एक उचलला, तपासला, परत टाकला, पेटी हलवली आणि पुन्हा एक उचलला. चांगला बोल्ट हाती येण्याची संभाव्यता दोन्ही खेपांस ८/१० एवढीच. कारण पेटी जशीच्या तशी आहे. एकीचा दुसरीवर परिणाम होत नाही, अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. शंभर वेळा हा प्रयोग केला, तर सुमारे ऐंशी वेळा पहिला बोल्ट चांगला निघेल. त्या ऐंशींपैकी दहांत आठ या प्रमाणात, म्हणजे चौसष्ट वेळा, दुसराही चांगला निघेल. म्हणून येथे गुणाकार करावयाचा. दोन नगांवर विसंबणारा मनुष्य ही खराब पेटी शंभरांतून चौसष्ट वेळा पसंत करील! बोल्ट परत टाकला नाही, तर मात्र दुसऱ्या खेपेची संभाव्यता ७/९ होते आणि गुणाकार सुमारे ६२ टक्के येतो.

पुष्कळांना येथे बेरीज सुचते. एका खेपेस सदोष नग मिळण्याची संभाव्यता २० टक्के, तेव्हा पाच खेपांत शंभर टक्के! पण पाचही खेपांस चांगलेच बोल्ट निघण्याची संभाव्यता जवळजवळ ३३ टक्के आहे. खात्री कोठेच नाही.

चार वेळा चांगला निघाला, आता सदोषाची पाळी, हाही भ्रमच. १९१३ साली माँटे कार्लोच्या जुगारघरात चक्रावरील चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर थांबला. आता तांबड्याची पाळी, म्हणून पैसे लावणारे लोक बुडाले. चक्राला मागचे आठवत नाही, पेटीलाही नाही.

मग उपाय काय? पाचवा हिस्सा सदोष असलेला माल नजरेतून सुटण्याचा धोका पाच टक्क्यांखाली आणावयाचा, तर चौदा खेपा हव्यात. दहांच्या पेटीत सगळेच नग पाहणे सोपे. पण दहा हजारांच्या ढिगालाही, नग परत टाका वा टाकू नका, जवळजवळ हाच हिशेब लागू पडतो. उद्या तो बोल्ट कोणाच्या तरी गाडीच्या चाकाला लागणार आहे. त्या माणसासाठी चौदा वेळा हात घालण्याचे श्रम फार नव्हेत.