वस्तीवरची कर्करोग तपासणी

गर्भाशयमुखाचा कर्करोग हळूहळू वाढतो. कर्करोगापूर्वीचे बदल वेळीच सापडले, तर आजार टाळता येतो. मात्र हे बदल शोधणाऱ्या पॅप तपासणीसाठी प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ लागतात. गरीब वस्त्यांत दोन्ही दुर्मीळ असतात.

त्यावर उपाय शोधण्यासाठी टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून एक मोठा अभ्यास केला. 35 ते 64 वयोगटातल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यशिक्षण मिळाले. दुसऱ्या गटाची त्याबरोबर दर दोन वर्षांनी तपासणीही झाली. ती दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी केली.

पद्धत सोपी होती. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधला मुख्य घटक, लावायचे आणि मिनिटभराने पाहायचे. संशयास्पद भाग पांढरा दिसतो. अशा स्त्रियांना पुढील तपासणी व उपचारांसाठी रुग्णालयात पाठवले जाई. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष 2013 मध्ये जाहीर झाले.

केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतही हीच तपासणी आहे. आज आशा स्वयंसेविका घरोघरी माहितीचे अर्ज भरतात आणि तिशीपुढच्या व्यक्तींना तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्रात आणतात. पाळी थांबल्यानंतर किंवा शरीरसंबंधानंतर रक्तस्राव झाल्यास स्त्रियांनी पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावे.