खोकला नाही, मग गोळ्या कशाला?

चाकण, महाळुंगे, मोशी, भोसरी या पट्ट्यात आयटीआय करणारी, कंपनीत अप्रेंटिस असलेली मुलं एकेका खोलीत चार-पाच जण राहतात. त्यातल्या एकाला टीबी निघाला की बाकीच्यांना तपासणीला बोलावलं जातं, आणि ठरलेला प्रश्न येतो : "डॉक्टर, मला खोकला नाही, ताप नाही. मग गोळ्या कशाला?"

प्रश्न रास्त आहे. टीबीचे जंतू अंगात शिरून वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतात. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांत असा सुप्त संसर्ग आढळला. त्यांतल्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना जन्मात टीबी होत नाही, हे मी मुलांना आधीच सांगून टाकतो. पण उरलेल्यांपैकी जवळपास निम्मे पहिल्या दोन वर्षांतच आजारी पडतात. म्हणजे नेमका तुमचा कोर्स चालू असताना! फाउंड्रीतली वाळूची बारीक धूळ छातीत जात असेल, तर धोका आणखी वाढतो.

म्हणूनच 2021 पासून सरकारी कार्यक्रमात रुग्णाच्या घरातल्या मोठ्या माणसांनाही हे प्रतिबंधक औषध मोफत देतात. घरातला म्हणताना नातं बघत नाहीत. त्याच खोलीत झोपणारा रूम पार्टनरही त्यात आला.

आधी छातीचा एक्स-रे काढून टीबीचा आजार नाही ना, याची खात्री करतात. संसर्ग ओळखण्यासाठी हातावर टोचून करायची एक नवी चाचणी आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटच बनवते. लहानपणी बीसीजी घेतलं असलं तरी ती फसत नाही. मात्र दोन-तीन दिवसांनी हात दाखवायला यावंच लागतं, तेव्हा शिफ्ट बघूनच टोचून घ्या.

औषधाच्या मुख्य दोन पद्धती आहेत. एकीत आयसोनियाझिडची गोळी रोज, सहा महिने. दुसरीत दोन औषधं मिळून आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. मिळत असेल तर मुलांसाठी मला ही दुसरी बरी वाटते, कारण चौथ्या महिन्यात रोजची गोळी हमखास विसरते. गुरुवारी सुट्टी असेल तर गुरुवार ठरवून टाका. या पद्धतीत लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींनी मात्र डॉक्टरांना आधी सांगावं, कारण या औषधाने त्यांचा परिणाम कमी होतो. दारू नको, यकृतावर ताण येतो. उलट्या झाल्या, जेवण जाईना, डोळे पिवळे दिसले, तर गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.

खरी भीती बहुतेकांना वेगळीच असते : घरमालक खोली सोडायला सांगेल, सुपरवायझरला कळेल. सुप्त संसर्ग खोकल्यातून, ताटातून, कशातूनच दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे त्यांना सांगायची गरजच नाही. सरकारी दवाखान्यात चौकशी करा, किंवा 1800-11-6666 या मोफत क्रमांकावर फोन लावा.