झिंगा काळा का पडतो? – बरफ, लिंबू आणि धुऱ्यावरची सुबाभूळ



आज आपण वावरातल्या नव्हे, तर तळ्यातल्या पिकाविषयी बोलणार आहोत. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली सुरू झाली आणि आपल्या वऱ्हाडातही पुष्कळांनी तळी खोदली. पाणी ओलिताला आणि मासळी वरकमाईला, असा हा दुहेरी हिशेब. रोहू, कटला, मृगळ यांच्या जोडीला कोणी गोड्या पाण्यातला मोठा झिंगाही सोडतो. हा झिंगा सहा-आठ महिने सांभाळावा लागतो. पण त्याची खरी परीक्षा जाळे काढल्यानंतरच्या दोन दिवसांत होते.

पहाटे काढलेला झिंगा कसा निळसर, चकचकीत दिसतो. तोच बरफाच्या पेटीत ठेवला, तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोक्यापाशी काळसर झाक धरतो. मग पायांपाशी आणि कवचाच्या सांध्यांवर काळे डाग येतात. व्यापारी पेटी उघडतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, ‘माल शिळा आहे.’ भाव निम्म्यावर येतो. आता तुम्ही म्हणाल, बरफ तर भरपूर घातला होता, मग चूक कुठे झाली?

याचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. वांगे चिरून ठेवले तर घटकाभरात काळे पडते की नाही? म्हणून घरच्या बाया फोडी लगेच पाण्यात टाकतात, कोणी त्यात लिंबूही पिळतात. वांग्यात एक विकर असते. त्याला हवेतला प्राणवायू मिळाला की ते काळा रंग तयार करते. त्याच जातीचे विकर झिंग्यातही असते. झिंगा जिवंत असताना कात टाकतो, तेव्हा नवे कवच टणक करायला आणि जखम भरायला ते उपयोगी पडते. झिंगा मेला तरी हे विकर मरत नाही. त्याचा साठा डोक्याकडे जास्त, म्हणून काळेपणाची सुरुवातही तिथूनच. थंडीने त्याचे काम मंद होते, पण थांबत नाही. नुसत्या बरफाने भागत नाही ते यामुळेच.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा काळेपणा म्हणजे कुजणे नव्हे. नुसते काळे डाग असलेला, पण घट्ट आणि बिनवासाचा झिंगा खाण्यास बाधक नसतो. उलट दिसायला स्वच्छ, पण आंबूस वास येणारा, पिचपिचीत झालेला झिंगा फेकून द्यावा. नाक आणि बोट यांची साक्ष डोळ्यापेक्षा मोठी.

डाग टाळण्यासाठी कारखान्यांतून सोडियम मेटाबायसल्फाइट नावाची पावडर वापरतात. ती मोजून वापरली तर चालते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय खाद्य मानकानुसार कच्च्या झिंग्यात गंधकाचा हा अंश किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. पण ही पावडर मुठीने टाकायची चीज नव्हे, बरं का! दम्याच्या रोग्याला तिच्यामुळे धाप लागू शकते. ज्याने आपला माल विश्वासाने खाल्ला त्याच्या जिवाशी खेळ नको.

म्हणूनच शास्त्रज्ञ वनस्पतींकडे वळले. तुर्कस्तानात २००८ साली द्राक्षाच्या बियांचा अर्क झिंग्यावर वापरून पाहिला गेला. डाळिंबाच्या सालीचा आणि हिरव्या चहाचा अर्कही तपासला गेला. आणि थायलंडमध्ये २०११च्या सुमारास वापरले ते कशाचे बी? आपल्या धुऱ्यावरच्या सुबाभळीचे! काळे करणाऱ्या विकराला कामासाठी तांब्याचा अंश लागतो. सुबाभळीच्या बियांतले मिमोसीन हे द्रव्य ते तांबेच धरून ठेवते. हत्यारच अडकले, की विकर काय करणार? अर्क लावून बरफात ठेवलेला झिंगा साध्या झिंग्यापेक्षा कमी काळा पडला.

पण थांबा! हे ऐकून कोणी सुबाभळीच्या शेंगा भिजत घालू नका. हेच मिमोसीन जास्त पोटात गेले तर जनावरांचे केस गळतात, म्हणून सुबाभळीचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घालू नये असे सांगतात. प्रयोगशाळेत अर्क शुद्ध करतात, मोजून लावतात. घरी ते जमणार नाही. शिवाय हे थायलंडमधले प्रयोग खाऱ्या पाण्यातल्या ‘वनामी’ झिंग्यावर झाले आहेत.

मग तुम्ही काय करावे? बिनधोक असे एवढे करा.

जाळे भल्या पहाटे टाका. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तासाभराचा उशीरही महागात पडतो. झिंगा काढताच बरफाच्या पाण्यात बुडवा, म्हणजे तो झटकन गार होईल. गिऱ्हाईक बिनडोक्याचा माल घेत असेल तर डोके काढून टाका आणि स्वच्छ पाण्याने धुवा. यामुळे काळेपणा घटतो आणि मांसही लवकर पिचत नाही. पेटीत एक किलो मालाला एक किलो बारीक बरफ, एक थर बरफाचा नि एक थर झिंग्याचा, असे भरा. वितळलेले पाणी खालून निघून जाऊ द्या.

आता वनस्पतींचा प्रयोग. किलोभर झिंग्याचे तीन वाटे करा. पहिला तसाच ठेवा. दुसरा, लिटरभर गार पाण्यात दोन लिंबे पिळून, त्यात दोन-तीन मिनिटे बुडवा. जास्त वेळ ठेवला तर मांस पांढरट पडते. तिसऱ्यासाठी लिटरभर पाण्यात चार चमचे हिरवा चहा उकळा, गाळा, बरफासारखा गार करा आणि त्यात पंधरा मिनिटे ठेवा. आपला नेहमीचा काळा चहा घेऊ नका, त्याचा रंग चढतो. तिन्ही वाटे वेगवेगळ्या पिशव्यांत घालून बरफात ठेवा. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाहा आणि वहीत टिपून ठेवा. घरी शिजवून चवही घ्या. फरक दिसला तरच पुढच्या वेळी जास्त मालावर करा, आणि काय लावले ते व्यापाऱ्याला सांगून विका.

लिंबू किंवा चहा म्हणजे बरफाला पर्याय नव्हे, तो बरफाचा मदतनीस आहे. उशिरा गार केलेल्या मालाला कोणताच अर्क ताजा करू शकत नाही. अधिक माहितीसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जरूर चौकशी करा.

आणि तळ्यावर निघताना एवढे विसरू नका: आधी बरफ, मग जाळे.