आधी मजकूर, मग सजावट



आपल्या संस्थेचे जुने वार्षिक अंक मोबाईलवर आणावेत, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना स्तुत्य आहे; पण ते कशा रीतीने आणले जातात, यावर अंक टिकणार की हरवणार हे ठरेल.

अमेरिकेत २००३ साली स्टीव्ह चॅम्पियन आणि निक फिंक यांनी ‘प्रोग्रेसिव्ह एनहान्समेंट’ची कल्पना मांडली. तिला आपण ‘पायरीपायरीने समृद्धी’ म्हणू. पहिली पायरी एचटीएमएलची : मजकूर, मथळे, दुवे. दुसरी सीएसएसची : रूप आणि मांडणी. तिसरी जावास्क्रिप्टची : शोध, हालचाल, सोयी. वरची पायरी निखळली तरी खालची शाबूत राहिली पाहिजे.

यामागे कारण आहे. ब्राउझरला एचटीएमएलचा एखादा टॅग कळला नाही, तर तो टॅग सोडून आतला मजकूर दाखवतो. सीएसएसचा न कळलेला नियमही तो नुसता वगळतो. जावास्क्रिप्ट मात्र एवढी क्षमाशील नाही. एक वाक्यरचना जुन्या फोनला कळली नाही, तर ती अख्खी फाईल चालत नाही. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने २०१३ साली मोजणी केली. १.१ टक्के वाचकांना जावास्क्रिप्टची सोय मिळत नव्हती. त्यांत ती बंद ठेवलेले किंवा ती न चालणारे केवळ ०.२ टक्के होते. बाकीच्यांपर्यंत ती पोचलीच नव्हती.

मराठीने याची झळ सोसली आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी पुढे कित्येक वर्षे संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टवर विसंबली. फॉन्ट गेला, की लेखाच्या जागी निरर्थक चिन्हे उरली. फ्लॅशमध्ये बांधलेली पाने २०२० अखेर त्याचा आधार संपताच मिटली. उलट, १९९१चे जगातले पहिले संकेतस्थळ आजच्या मोबाईलवरही वाचता येते.

म्हणून शिकणाऱ्या तरुणांना माझे सांगणे असे : नवे शिकत राहाच, पण क्रम सांभाळा. फ्रेमवर्क येतात नि जातात. एचटीएमएल आणि सुगम्यतेचे ज्ञान वाया जात नाही. वर्षातून एकदा तरी आपले पान स्वस्त फोनवर, मंद नेटवर, जावास्क्रिप्ट बंद करून उघडा. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा; फॉन्टमध्ये सोय असेल, तर मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळतात.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील ‘धवला’ टीका जुन्या कन्नड लिपीतून देवनागरीत उतरवली गेली आणि १९३९ पासून अमरावतीहून छापून निघू लागली. माध्यम बदलले, अक्षर टिकले. कारण उतरवणाऱ्यांना दोन्ही लिप्या येत होत्या. सीमाभागातल्या आपल्या मराठीलाही असेच उतरवणारे हवेत. कार्यकारिणीने ॲपच्या झगमगाटावर खर्च करण्याआधी अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये नीट टंकून, तपासून घ्यावा आणि दोन तरुणांच्या शिक्षणासाठी दरवर्षी तरतूद करावी, एवढीच विनंती.