जादूगाराची निवड : तेज कीं आयुष्य?



गडचिरोली जिल्ह्यांत, चामोर्शी तालुक्यांत, वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा हें क्षेत्र आहे. दक्षिणेकडे वाहणारी ही नदी येथें उत्तरेकडे वळते, आणि त्या वळणावर कोरीव दगडी देवळांचा समूह उभा आहे. महाशिवरात्रीला येथें मोठी यात्रा भरते. ज्या मार्कंडेय ऋषीच्या नांवानें हें स्थान ओळखलें जातें, त्याची कथा आपण लहानपणीं ऐकलेली आहे. परंतु त्या कथेचा आरंभ पुष्कळदां विसरला जातो. मृकंडु ऋषीला पुत्र देतांना शंकरानें त्याच्यापुढें दोन पर्याय ठेवले. दीर्घायुषी पण मंदबुद्धि पुत्र हवा, कीं सोळाच वर्षें जगणारा पण गुणवान व तेजस्वी पुत्र हवा? दोन्ही मिळून एकच वर मिळण्याची सोय नव्हती. मृकंडूनें दुसरा पर्याय स्वीकारला.

आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे, त्याचें मर्म या एका प्रश्नांत सांठलेलें आहे. विषय ऐकून कांहीं वडीलधारी मंडळी कपाळाला आंठ्या घालतील. दूरदूरच्या गांवीं बसलेले खेळाडू संगणकाच्या द्वारें एकमेकांविरुद्ध जे चुरशीचे खेळ खेळतात, त्यांत जादूगार हें एक पात्र असतें. खेळाडू त्याला 'मेज' म्हणतात. त्याची जडणघडण कशी करावी, जिला ते 'बिल्ड' म्हणतात, आणि त्याला कोणत्या रीतीनें खेळवावें, हा आजचा प्रश्न आहे. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी रात्रीं पडद्यासमोर बसून नेमकें काय ठरवीत असते, हें यावरून थोडेंफार कळेल.

या पात्राची कुळकथा फार जुनी नाहीं. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा, मेजाभोंवतीं बसून फाशांनीं खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या १९७८ च्या नियमपुस्तकांत योद्ध्याची जीवनशक्ति दहा बाजूंच्या फाशानें ठरे, आणि जादूगाराची चार बाजूंच्या. म्हणजे सरासरीनें योद्ध्याला साडेपांच, तर जादूगाराला अवघे अडीच. शिवाय पहिल्या पायरीवरील जादूगाराला दिवसांतून एकच मंत्र टाकतां येई. तो मंत्र संपला कीं त्या बिचाऱ्यानें योद्ध्याच्या पाठीमागें दडावें! मात्र तो जगून वाचून वरच्या पायऱ्या चढला, तर पुढें योद्धा त्याच्या पासंगालाहि पुरत नसे. तेज पुष्कळ आणि आयुष्य थोडें, ही मृकंडूची अट त्या फाशांतच घालून ठेवलेली होती. पुढें आलेल्या संगणकावरील खेळांनीं हीच वांटणी उचलली.

आतां निवडीचें स्वरूप पाहूं. २००४ सालीं निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळांत जादूगाराला तीन शाखा आहेत : अग्नि, हिम आणि गूढविद्या. अग्निशाखेचा जादूगार योग्य क्षणाची वाट पाहतो व तो येतांच सर्व बळ एकवटून शत्रूला भाजून काढतो. हिमशाखेचा जादूगार शत्रूचे पाय गोठवितो, त्याची चाल मंद करतो, आणि त्याला आपल्यापर्यंत पोंचूंच देत नाहीं. गूढविद्येचा उपासक आपल्या मंत्रशक्तीचा साठा किती खर्चावा व किती राखावा या हिशेबावर जगतो. ज्याला घाई आहे त्यानें हिमशाखा घेतली, तर सामर्थ्य असूनहि तो हरेल. ज्याला धीर आहे त्यानें अग्नि घेतला, तर तो क्षण ओळखण्याची कला त्याला स्वतंत्रपणें शिकावी लागेल. म्हणून शाखा निवडतांना पहिला प्रश्न 'सर्वांत बलवान कोणती?' हा नसून 'माझा स्वभाव कोणता?' हा आहे. खेळाडूंच्या स्वभावांचा विचार रिचर्ड बार्टल यांनीं १९९६ सालीं एका निबंधांत केला. मिळवणारे, शोधणारे, मैत्री करणारे व झुंजणारे असे चार प्रकार त्यांनीं मानले. हे बार्टल म्हणजे १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत आकारास आलेल्या, अनेकांनीं मिळून खेळावयाच्या पहिल्या संगणकीय जगाचे एक निर्माते होत.

दुसरी निवड साधनांची. २००९ सालीं सुरू झालेल्या 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळांत पांच विरुद्ध पांच असा सामना होतो. खेळतांना सोनें मिळतें, त्यांतून साधनें विकत घ्यावयाचीं. पण तीं ठेवावयास जागा मोजक्याच, सामान्यतः सहा. नवशिका जादूगार काय करतो? मंत्राची धार वाढविणारीं साधनेंच एकामागून एक घेत सुटतो. त्याचा आघात भयंकर होतो खरा. परंतु अंधारांतून एखादा मारेकरी झेपावला, कीं आघात करण्यापूर्वींच हा जमिनीवर! जाणता खेळाडू अशा वेळीं 'झोन्याज अवरग्लास' नांवाचें घटिकायंत्र आधीं घेतो. तें वापरतांच अडीच सेकंद जादूगार सुवर्णमूर्तीसारखा निश्चल होतो. त्याला कांहीं करतां येत नाहीं, पण त्याला कोणी इजाहि करूं शकत नाहीं. तेवढ्यांत सहकारी धांवून येतात. मार्कंडेयाची कथा येथें पुन्हां आठवते. यमाचा पाश आला तेव्हां तो मुलगा पळाला नाहीं कीं लढला नाहीं. शिवलिंगाला मिठी मारून जागींच राहिला. त्याचें आयुष्य वाढलें तें बळानें नव्हे, तर आधार कोठें आहे हें ओळखून तो वेळेवर धरल्यानें.

साधनांच्या निवडींत थोडें गणितहि आहे. या खेळांत शत्रूची मंत्ररोधक शक्ति १०० असेल, तर आपल्या आघाताचा निम्मा भागच त्याला लागतो. कारण शंभराला, शंभर अधिक ती शक्ति, या बेरजेनें भागावयाचें असतें. समजा, ही रोधक शक्ति ४० टक्के भेदणारें एखादें साधन आपण घेतलें. मग १०० च्या जागीं ६० उरते, आणि ५० ऐवजीं साडेबासष्ट टक्के आघात पोंचतो. म्हणजे लाभ चतुर्थांशाचा झाला. पण शत्रूची रोधक शक्ति मुळांत ३० च असेल, तर तीच किंमत मोजून लाभ सुमारें दहा टक्क्यांचाच होतो. तेंच साधन एका सामन्यांत शहाणपणाचें व दुसऱ्यांत उधळपट्टीचें ठरतें. यास्तव प्रसिद्ध खेळाडूची यादी जशीच्या तशी उतरून घेणें निरर्थक होय. त्यानें ती यादी त्याच्या शत्रूंकडे पाहून केलेली असते. आपले शत्रू वेगळे असतात. शिवाय खेळ काढणाऱ्या कंपन्या वारंवार नियम व आंकडे बदलतात. कालची उत्तम यादी उद्यां कुचकामी होते. यादीमागचा विचार मात्र टिकतो.

तिसरी निवड भूमिकेची. 'डोटा २' या खेळांत इन्व्होकर नांवाचा एक जादूगार आहे. त्याच्याजवळ तीन प्रकारचे गोल असतात, आणि एका वेळीं कोणतेहि तीन धारण करून त्यांच्या मेळानें मंत्र सिद्ध करावयाचा. एकच गोल दोनदां किंवा तीनदांहि घेतां येतो. म्हणून मेळ दहा होतात, आणि मंत्रहि दहा. त्याला खेळविणाऱ्याची खरी कसोटी स्मरणाची व बोटांची असते. त्याच खेळांत क्रिस्टल मेडन नांवाची हिमविद्या जाणणारी एक नाजूक जादूगारीण आहे. ती सावकाश चालते आणि चटकन मरते. पण तिच्या असण्यानें सर्व सहकाऱ्यांची मंत्रशक्ति भरून येते, आणि तिनें गोठविलेला शत्रू दुसऱ्याच्या हातून मरतो. पराक्रमाच्या यादींत नांव दुसऱ्याचें लागतें. अशी भूमिका मनापासून घेणारा खेळाडू संघाला फार मोलाचा असतो, आणि तो मिळणें फार दुर्मिळ असतें.

खेळण्याच्या रीतीविषयीं एकच गोष्ट आवर्जून सांगतों. जादूगाराचा खरा चिलखत म्हणजे अंतर. शत्रूचा हात पोंचणार नाहीं, पण आपला मंत्र पोंचेल, एवढीच ती पट्टी असते. पुढें सरकलें तर मरण, मागें राहिलें तर निरुपयोग. आणि मंत्र एकदां टाकला कीं तो पुन्हां सिद्ध होईपर्यंत कांहीं काळ हात रिकामे असतात. तेव्हां शत्रूनें आपलें कवच वापरण्यापूर्वीं मोठा मंत्र खर्चणारा जादूगार हरतो. शत्रूचें कवच संपेपर्यंत थांबणारा जिंकतो.

हें सर्व पोरखेळ म्हणून सोडून देण्याचे दिवस आतां राहिले नाहींत. २०२२ च्या ऑगस्टांत बर्मिंगहॅम येथें झालेल्या राष्ट्रकुल ई-क्रीडा स्पर्धेंत भारतीय संघानें 'डोटा २' मध्यें कांस्यपदक मिळविलें. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत, त्या २०२३ सालीं भरल्या तेव्हां, आपला 'लीग ऑफ लेजेंड्स' संघ पांचवा आला. २०२५ सालीं झालेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ निषिद्ध ठरविले, आणि ई-क्रीडांना त्यांपासून वेगळें काढून मान्यता दिली. घरांतील वडील मंडळींनींहि हा भेद ध्यानांत ठेवावा. मूल पैसे लावीत असेल तर तें थांबविलेंच पाहिजे. झोप, अभ्यास व मैदान यांचा वेळ खेळानें गिळला असेल, तर तेंहि थांबविलें पाहिजे. कारण दिवसाचे तास हेंहि मोजकेंच धन आहे, आणि त्यांचीहि वांटणी करावीच लागते.

पण मूल आवरांत राहून खेळत असेल, तर त्याच्याशेजारीं घटकाभर बसून एक प्रश्न विचारून पाहा : 'हेंच साधन कां घेतलेंस, दुसरें कां नाहीं?' 'सगळे हेंच घेतात' असें उत्तर आलें, तर तें मूल केवळ खेळत आहे असें समजावें. परंतु समोरच्या शत्रूकडे बोट दाखवून, सोबत्यांचा विचार करून, काय मिळालें आणि त्यासाठीं काय सोडावें लागलें हें जर तें सांगूं लागलें, तर तें निवड करावयास शिकत आहे. पुढें शिक्षण, धंदा किंवा संसार निवडतांना त्याला हाच हिशेब करावा लागणार आहे. आणि तेथें हरल्यावर नवा डाव इतक्या सहज मांडतां येत नाहीं.